झाडाची बाजू

सातपूर, नाशिक
१४ जानेवारी २०२५

चि. हर्षाली,

अनेक आशीर्वाद. फोनवर मी "जे काय आहे ते लिहून पाठव" म्हणालो ते टाळण्यासाठी म्हणालो होतो. तू खरंच लिहून पाठवलंस. जाड पाकीट बघून पोस्टमनने विचारलं, "कोर्टाचं आहे का?" मी म्हटलं, तसंच समजा.

तू ललितची मुलगी. ललित माझा चुलतभाऊ, सख्खा नव्हे, पण नामपूरला आमची घरं एका गल्लीतली. तुझ्या जन्माआधीच तो गाव सोडून पुण्याला गेला, त्यामुळे तुला मी लग्नकार्यातही बघितलेलं नाही. आता तू सिनेमा करते आहेस. भुताचा सिनेमा, पण आत घरातला आजार आणि त्या आजारापायी मोडलेली माणसं. कल्पना वाईट नाही. तपशील मात्र वाईट आहेत, आणि तपशील वाईट म्हणजे माझ्या लेखी सगळंच वाईट.

तुझ्या पानांत भगत अमावास्येच्या रात्री पडक्या देवळात मुलीच्या अंगातलं भूत उतरवतो. लिंबं, कवटी, घुबड. अगं, नामपुरात असलं काही झालं नाही. दुपार होती. आमच्या कांदाचाळीच्या बाजूला मोकळी जागा आहे, तिथे झालं. भगत पांढरा शर्ट घालून मोटारसायकलवर आला होता. साखळीने मारलं. माणसं जेवून, सुपारी कातरत बघायला आली होती. भीती दाखवायची तर ती दाखव. घुबड कशाला?

मी दहावी नापास आहे. स्प्रिंगा वळायचं माझं छोटं वर्कशॉप आहे. पण या आजारावरची मराठीत मिळतील ती सगळी पुस्तकं वाचली आहेत, आणि इंग्रजीतली शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा कुणी अडाण्याने पत्र लिहिलं असं समजू नकोस.

माझ्या बहिणीबद्दल, सुवर्णाबद्दल, तू विचारलं आहेस. तिच्या अंगात कोण आलं होतं, ती काय बोलली वगैरे. ते विचारू नकोस. ते माणूस आता नाही. विषय संपला. ललितला नमस्कार सांग.

तुझा,
किशोरकाका


पुणे
२५ जानेवारी २०२५

प्रिय किशोरकाका,

सा. न.

सुवर्णाआत्या गेल्याचं मला माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं. पत्र वाचून ते बराच वेळ गॅलरीत उभे होते. मनापासून वाईट वाटलं.

घुबड काढलं. देऊळही काढलं. तुमचं पटलं.

पण विषय संपला असं तुम्ही लिहिता ते नाही पटलं. तुमच्या घरात भूत आलं आणि गेलं. आमच्या घरात ते राहिलं, कारण ते आमचंच होतं. नवसाबाई. माझ्या बाबांची आई. ती विहिरीत गेली, आणि काही वर्षांनी तुमच्या अंगणात सुवर्णाआत्याच्या तोंडून तिचं नाव निघालं. त्यानंतर गल्लीत ज्याला ताप आला, जिचं मूल गेलं, ज्याची म्हैस आटली, ते सगळं आमच्या आजीने केलं. माझ्या बाबांशी कुणी बोलेना. ते गाव सोडून गेले म्हणता ना, ते हौसेने नाही गेले.

मी दहा-अकरा वर्षांची असताना सटाण्याला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत माझ्या शेजारच्या मुलीला तिच्या आईने उठवून दुसरीकडे बसवलं. मला वाटलं माझ्या कपड्यांना काही लागलंय. बाबांनी गाडीत सांगितलं. तेव्हापासून मला माहीत आहे, मी भुताची नात आहे. आता मी ते लपवणार नाही. सिनेमाचं नावच 'नवसा' ठेवलंय.

तुम्ही परवानगी द्या किंवा देऊ नका, मी सिनेमा करणार. मला फक्त एकाच गोष्टीचं उत्तर हवंय. आत्याने ते नाव खरंच घेतलं होतं का? की भगतानेच तिच्या तोंडी घातलं?

हर्षाली


सातपूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षाली,

मी जिवंत आहे.

भाऊने तुला लिहिलंय, "ते माणूस आता नाही." ते माणूस मीच. आत्ता कुकर लावलाय आणि लिहायला बसलेय. भाऊ पत्राची पहिली प्रत कच्ची काढतो, मग पक्की. कच्ची मी पोळ्यांच्या डब्याखाली घालायला घेतली आणि वाचली. तुझं उत्तर आलं तेव्हा पाकीटही मीच फोडलं. तू माझ्यासाठी हळहळलीस, बरं वाटलं. मेल्यावर कोण काय म्हणेल ते फुकटात कळलं.

मी भाऊच्याच घरात राहते. वर्कशॉपमध्ये स्प्रिंगा तपासते. मापाच्या गेजमध्ये बसली नाही की बाजूला टाकते, मग तो कितीही ओरडू दे. रोज गोळ्या घेते. मधे दोनदा बंद करून बघितल्या, दोन्ही वेळा परत दवाखान्यात जावं लागलं. आता नाही बंद करत.

आधी भाऊच्या चुका. तपशील तपशील करतो, पण तो तिथे नव्हताच. तेव्हा तो ओझरला अप्रेंटिस होता. सगळं ऐकून लिहितो. कांदाचाळ नाही, आमच्या घरामागचं अंगण. आईलाच वाटलं चार भिंतींत उरकावं, तर लोक भिंतीवर चढले. साखळी पायाला होती. मारलं चिंचेच्या ओल्या फोकाने. मोटारसायकल खरी. पांढरा शर्टही खरा, वर खिशात दोन पेनं.

आता तुझं उत्तर. नाव मीच घेतलं. कुणी तोंडी घातलं नाही.

भगत ज्याला धरलंय त्याला झाड म्हणतो. "कोण तू? कुठून आलीस? झाड कधी सोडशील?" सगळं भुताला विचारतो. झाडाला कुणी काही विचारत नाही. मी पहिल्यांदा खरं सांगितलं. "मी सुवर्णा." फोक बसला. परत "मी सुवर्णा." परत फोक. ते उत्तर चुकीचं होतं. उत्तर मेलेल्या माणसाचं हवं होतं, आणि आपल्याच भाऊबंदांतलं.

नवसाकाकू मला माहीत होती. मी लहान असताना ती विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडीवर, बसून कुणाशी तरी बोलायची. समोर कुणी नसायचं. पोरं दगड मारायची. मी एकदा शेजारी जाऊन बसले तर म्हणाली, "तुला ऐकू येतंय का गं?" तेव्हा येत नव्हतं. अठराव्या वर्षी येऊ लागलं, तेव्हा मला सगळ्यात आधी तिची आठवण झाली. गल्लीत एकच बाई होती जिला मी खोटारडी वाटले नसते, आणि ती मेलेली.

तेव्हा त्या अंगणात मी तिला हाक मारली. "नवसाकाकू!" ती भगताला ऐकू गेली. त्याला वाटलं, उत्तर मिळालं. फोक थांबला. मग त्याने जे जे विचारलं त्याला मी हो म्हणत गेले. तूही म्हणाली असतीस.

तुमच्या घराचे हाल झाले ते मला फार उशिरा कळलं. मी माफी मागत नाहीये, हर्षाली. ज्यांनी मारलं त्यांनी मागितली नाही, जे भिंतीवर बसून बघत होते त्यांनी मागितली नाही, मग पहिली मीच का?

सिनेमा कर. माझी एक अट. नवसाकाकूला हाक मारली की तिने आलं पाहिजे. धरायला नाही, सोडवायला. माझ्या वेळी आली नाही. सिनेमात भूत दाखवता येतं ना? मग आण.

तुझी आत्या,
सुवर्णा


सातपूर
२० फेब्रुवारी २०२५

हर्षाली,

तुझं जाड पाकीट आलं, वर सुवर्णाचं नाव, आत पूर्ण कथा. त्यावरून मला कळलं की माझ्या घरातून माझ्या पाठीमागे टपाल जातं-येतं. तू मोठ्या माणसाला खोट्यात पकडलंस याचा आनंद झाला असेल तर तो साजरा करून घे.

मी खोटं लिहिलं. परत लिहायची वेळ आली तर परत लिहीन. सुवर्णाला इथे आणली तेव्हा तिचं वजन शाळकरी पोरीएवढं होतं. कुठला दवाखाना, कुठली गोळी, कुठल्या गोळीने हात थरथरतो, कुठल्या गोळीने तोंड कोरडं पडतं, सगळं मी शिकलो. कॉलनीत सांगितलं, बहिणीला बीपीचा त्रास आहे. एवढ्या बीपीवर तिला आजवर कुणी वेडी म्हटलेलं नाही. भिंत बांधायला माझी उमर गेली, आणि तू त्यावर पोस्टर चिकटवायला निघालीस.

आणि हेही वाच. माझ्या आरोहीला स्थळ आलं आहे. मुलगा ओझरला विमान कारखान्यात कायम नोकरीत. घरचे नीट आहेत, मुलगा आरोहीला आवडला आहे, हे मला तिच्या आईने सांगितलं, कारण आरोही मला काही सांगत नाही. अजून सुपारी फुटलेली नाही. नामपुरात शूटिंग झालं की ओझरला कळायला किती वेळ लागेल? "मुलीच्या आत्याला तसलं काहीतरी आहे, रक्तातच असेल." तसलं काहीतरी. माणसं शब्दही धड वापरत नाहीत.

सुवर्णाला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, तुझी भिंत चांगली आहे, पण मी आत आहे." त्यावर आमचं वाजलं. परवा तिने माझा सबंध लॉट नापास केला. स्प्रिंगा चांगल्या होत्या.

तिला शूटिंगला बोलावू नकोस. तिला काही झालं तर तुझे कॅमेरे परत जातील, ती इथे माझ्याकडेच राहणार आहे.

किशोर


पुणे
१ मार्च २०२५

काका,

आनंद झाला नाही. राग आला, मग तुमचं पत्र परत वाचलं आणि राग अर्धा उरला. आत्याला तुम्ही जगवलंत. आमच्या आजीला तुमच्यासारखा भाऊ नव्हता. हे मी उपरोधाने लिहीत नाही.

तरीही ऐका. आत्या ज्या क्षणी नको म्हणेल त्या क्षणी मी थांबेन. अर्धा सिनेमा झालेला असला तरी. तुम्ही नको म्हणालात तर मात्र थांबणार नाही. गोष्ट तिची आहे. तुम्ही तिचे राखणदार असाल, मालक नाही.

आमच्या निर्मात्याला शेवटी भूत जळायला हवं होतं. भगत मंत्र म्हणतो, ज्वाळा, किंकाळी, मुलगी शुद्धीवर, आई रडते. त्याचं म्हणणं, लोक तेवढ्यासाठीच तिकीट काढतात. मी म्हटलं, या सिनेमात भूत जळणार नाही, भगत पळणार. तो म्हणाला, "मग हॉरर कसला?" मी त्याला आत्याचं पत्र वाचून दाखवलं, "मी सुवर्णा" इथपासून. ऐकून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "हेच भयानक आहे." म्हणून अजून आमच्यासोबत आहे, तोंड वाकडं करून.

शूटिंग मार्चअखेरीला, नामपुरातच. आत्याची खोली वेगळी ठेवतेय. तिच्या डॉक्टरांशी तिने आणि मी एकत्र बसून बोलून घेतलंय. ते म्हणाले, सोबत घरचं माणूस असू दे, जेवण-झोप-गोळी वेळेवर, आणि तिला उठून जायचं असेल तर कुणी कारण विचारायचं नाही.

घरचं माणूस म्हणून तुम्ही याल का?

हर्षाली


नामपूर
३० मार्च २०२५

काका,

तुम्ही आला नाहीत. आरोही आली. तुम्हाला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून आली होती, हे ती आज तुम्हाला फोनवर सांगणार आहे. मीही लिहून मोकळी होते.

आत्या बरी आहे. पहिलं हेच लिहायला हवं होतं.

काल अंगणातला प्रसंग घेतला. तुमच्याच घराचं मागचं अंगण, तुमच्या आईने, लंकाआजींनी, स्वतः किल्ली दिली. बघ्यांच्या गर्दीसाठी गावातल्या बायका हव्या होत्या. मला वाटलं कुणी येणार नाही. तुमच्या भाऊबंदांपैकी दोघं आदल्या दिवशी येऊन दरडावून गेले होते, "गावची बदनामी चालणार नाही." आत्या त्यांना म्हणाली, "या की उद्या तुम्हीपण. भिंतीवर तुमच्या जागा ठेवल्यात." ते आले नाहीत. बायका मात्र आल्या, कांद्याच्या खळ्यावरून तशाच, हातपाय धुऊन.

त्यांना मी समजावलं. तुम्ही फक्त बघायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, रडायचं नाही. तेव्हा गाव जसं बघत होतं तसं. लंकाआजी पुढच्या रांगेत बसल्या. मी म्हटलं, आजी, तुम्हाला त्रास होईल, घरात बसा. त्या अहिराणीत म्हणाल्या, "मी व्हतू ना तठे. माले माहीत शे कसं बसनं ते." तेव्हाही त्या तिथे होत्या, बघत.

कॅमेरा सुरू झाला. भगताचं काम करणाऱ्या नटाने विचारलं, "कोण तू?" आत्याचं काम करणारी आमची मुलगी म्हणाली, "मी सुवर्णा." त्याने फोक उचलला. खोटा, स्पंजचा. आणि लंकाआजी उठल्या. चालत गेल्या आणि त्याचा हात मनगटाला धरला.

मी कट म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

नट बिचारा गांगरला. "आजी, नाटक आहे हो, लागत नाही तिला." आजी म्हणाल्या, "नाटक शे ते माले समजस. हात खाले कर." त्याने हात खाली केला. "तवय मी उभी ऱ्हायनू. आते नही." तेव्हा नुसती उभी राहिले, आता नाही.

मग मागच्या रांगेतली एक उठली. मग आणखी. सगळ्याजणी येऊन आमच्या मुलीभोवती उभ्या राहिल्या, आणि तो नट मधे एकटा, हातात स्पंजचा फोक. त्याने माझ्याकडे बघितलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, खरंच फोक टाकून फाटकाबाहेर गेला.

आत्या माझ्याजवळ मॉनिटरसमोर बसली होती. मी विचारलं, थांबायचं का? ती म्हणाली, "थांबू नको. नवसाकाकूला आता आण. बाया जमल्यात तोवर."

नवसाआजीचं भूत आम्ही कसं दाखवायचं यावर तीन महिने डोकं फोडत होतो. पांढरे डोळे, ओले केस, सगळं करून बघितलं होतं. काल नवसाचं काम करणारी बाई साध्या लुगड्यात त्या गर्दीत येऊन उभी राहिली, बस. कोणती जिवंत आणि कोणती मेलेली, ते कळत नाही. अंगावर काटा येतो, काका. मी दिग्दर्शक असून आला.

 आज सकाळी लंकाआजी आत्याच्या केसांना तेल लावत होत्या. मी कॅमेरा काढला नाही.

हर्षाली


सातपूर
११ मे २०२५

चि. हर्षाली,

अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. रागाने नव्हे. आधी घडायचं ते घडू दे, मग लिहावं, असं ठरवलं होतं. अर्धवट माहितीवर लिहिल्यावर काय होतं ते तुम्ही दोघींनी मला दाखवलंच आहे.

ओझरला कळलं. माझा अंदाज महिन्याचा होता, त्यांना आठवडाही लागला नाही. मुलाचे वडील, आई आणि एक मध्यस्थ आज आले. मध्यस्थाने पोहे संपवले, हात पुसले आणि घसा साफ केला. "किशोरभाऊ, गैरसमज नको. पण आम्ही ऐकलं की तुमच्या घरात कुणाला तरी तसलं..."

मी उत्तर तयार ठेवलं होतं. बीपीचं नव्हे. खरं उत्तर, आजाराच्या पूर्ण नावासकट, अनुवंशाबद्दल पुस्तकात काय आहे आणि काय नाही त्यासकट. काल रात्री आरशासमोर म्हणून बघितलं होतं. तोंड उघडलं तेवढ्यात सुवर्णा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"तसलं म्हणजे मी," ती म्हणाली. "मला आवाज ऐकू यायचे. आता गोळ्या घेते, आता येत नाहीत. साखर कमी कुणाला?"

मध्यस्थाने कप घेतला आणि हातातच धरून बसला. मुलाचे वडील पंख्याकडे बघू लागले. आरोही आतून आली आणि आत्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, मला न विचारता. ती आजकाल मला विचारतच नाही. मी म्हटलं, "ही माझी बहीण. हिच्यामुळे सोयरीक अडत असेल तर ती अडलेली बरी. आमच्या घरात यापुढे कुणाला मारून टाकायचं नाही, कागदावरसुद्धा नाही." ते शेवटचं त्यांना कळलं नसणार. सुवर्णाला कळलं.

वडील उठले. "कळवतो," म्हणाले. कळवतो म्हणजे काय ते मलाही कळतं. चपला घालून ते आणि मध्यस्थ खाली उतरले.

मुलाची आई मात्र दारातच थांबली.  पदर सारखा करत तिने हळूच सुवर्णाला विचारलं, "कोणते डॉक्टर?"

सुवर्णाने नाव सांगितलं, दवाखाना कुठे ते सांगितलं. विचारलं, "कुणासाठी?"

"जाऊ आहे माझी. धाकटी."

"भगताकडे नेऊ नका."

"नेऊन झालं."

 मी मधे बोलणार होतो, एरवी बोललोच असतो. मग सुवर्णाने विचारलं, "तिने नाव कुणाचं घेतलं?"

बाई म्हणाली, "माझं. मी जिवंत असून."

खालून नवऱ्याने हाक मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा, जोरात. बाईने ऐकली, पण गेली नाही. सुवर्णाने तिचा हात धरून तिला आत घेतलं, खुर्ची ओढली आणि आरोहीला म्हणाली, "दार लावून घे गं."

मी बाहेर जिन्यात उभा आहे. वहीचा कागद कठड्यावर ठेवून हे लिहितो आहे. आत दोघी बोलताहेत. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. खाली तो माणूस अजून हाका मारतो आहे. मी त्याला वरूनच सांगितलं, "बसा गाडीत. त्यांचं झालं की येतील."

तुझा,
किशोरकाका